एकदा बंद करून पाहू

मनोहर,

तुझ्या शोकसभेत मी चांगलं बोललो, असं सगळे म्हणाले. नंदनवन कॉलनीतल्या आपल्या समाजभवनात पंखे खडखडत होते, तुझ्या फोटोवरचा हार सारखा एका बाजूला घसरत होता आणि मी माइकपुढे उभा राहून सांगत होतो, की मनोहर तांडापेठेतल्या विणकराच्या घरातला. कापड विणण्याआधी मागावर ताणा किती निगुतीनं लावावा लागतो हे त्यानं लहानपणी पाहिलं आणि तीच शिस्त पुढे कॉम्प्युटरच्या कामात आणली. लोकांनी माना डोलावल्या. एकानं डोळे पुसले. तू तिथे असतास तर मागच्या खुर्चीवरून ओरडला असतास. हीच उपमा मी तुला एकदा कौतुकानं ऐकवली होती, तेव्हा तू म्हणाला होतास, "मागाचं नाव कायले काढतं गा प्रभाकर? बापानं माग विकला त्या दिवशी मायनं आमच्या घरी शिरा केला होता."

तरी मी तेच बोललो. शोकसभेत असंच काही चालतं. पुढे मी असंही म्हणालो, की मनोहर जन्मात कोणाशी भांडला नाही. माझ्याशी तू रोज भांडलास. कळमेश्वरच्या बसमध्ये भांडलास, जेवणाच्या डब्यावर भांडलास, रिटायर झाल्यावर पोह्यांच्या गाडीवर तर्री किती घ्यावी यावरूनही भांडलास. फक्त एका गोष्टीवरून भांडला नाहीस, आणि मी आयुष्यभर तुझ्या त्याच भांडणाची वाट पाहत राहिलो.

सभा संपली तेव्हा पहिल्या रांगेतून कुसुमवहिनी उठल्या. त्यांच्या गळ्यात नेहमीची ती कापडी पिशवी होती, नागपुरी लुगड्याच्या काठाची, मोबाइल ठेवायची. त्यांनी मला हात जोडले. "तुम्ही बोलले म्हणून बरं वाटलं भाऊजी," म्हणाल्या. मी चपला शोधत बाहेर आलो. मला माझ्या चपला बराच वेळ ओळखू आल्या नाहीत.

आज जे लिहितो आहे ते तुला सगळं माहीत आहे. किती माहीत होतं ते मला आत्ता कळलं. पण हे बाकीचेही वाचतील, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आपण दोघं कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत जनावरांच्या औषधांच्या कारखान्यात होतो. मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख, तू मशीन सांभाळणारा. औषधाची प्रत्येक खेप कधी बनली, तिची तपासणी काय निघाली, ती कुठे गेली, हे सगळं एका डेटाबेसमध्ये ठेवायचं ठरलं. त्यासाठी नवी युनिक्सची मशीन आली. डेटाबेसचं सॉफ्टवेअर तिच्यावर बसवायचं होतं. लोकांना वाटतं, सीडी घातली, बटण दाबलं, झालं. तू म्हणायचास, "सीडी घालाच्या आधीच अर्धं काम होऊन जाते. ते कोणाले दिसत नाही म्हणून कोणाले करा वाटत नाही."

तुझं ते न दिसणारं अर्धं काम मी शेजारी बसून पाहिलं आहे. आधी तू डेटाबेससाठी वेगळा वापरकर्ता तयार केलास, त्याचा वेगळा गट केलास. "यानं घरमालक व्हायचं नाही, भाडेकरूच राहायचं," म्हणालास, कारण मशीनच्या मालकाचे हक्क ज्या सॉफ्टवेअरला मिळतात ते एक दिवस घर बुडवतं. मग त्याच्या फाइली कुठे राहतील त्या जागा तू पाडल्यास. सॉफ्टवेअर एका डिस्कवर, नोंदी दुसऱ्या डिस्कवर, आणि प्रत्येक जागेचा ताबा कोणाकडे हे एकेक तपासलंस. मेमरी कमी पडली तर डिस्कवर जी जास्तीची जागा लागते, ती मोजून वेगळी ठेवलीस. आणि शेवटी तुझा आवडता भाग. मशीनच्या गाभ्याला सांगायचं, की हा येणारा पाहुणा मोठ्या कुटुंबाचा आहे, सगळे एका पंगतीला बसतात, त्यांना एकत्र एवढी मेमरी लागेल, अडवू नकोस.

हे सांगायच्या दोन पद्धती होत्या. एक, चालू मशीनला नुसता हुकूम द्यायचा. ती लगेच ऐकते, पण बंद होऊन परत उठली की विसरते. दुसरी, उठताना ती जी फाइल वाचते त्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मग ती कधीही उठली तरी तिला आठवतं. तू आधी हुकूम देऊन पाहायचास, मग फाइलमध्ये लिहायचास आणि मग, इथेच तुझा हट्ट होता, सगळी मशीन पूर्ण बंद करायचास.

"चाल, चहा पिऊन येऊ. तवरिक विसरू दे तिले."

आपण कँटीनमध्ये जायचो. तू बशीत चहा ओतून सावकाश प्यायचास. मी घड्याळ पाहायचो. परत आलं की तू मशीन चालू करायचास आणि केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचास, मोठ्यानं वाचत, जणू पोराचा पाढा घेतो आहेस. सगळं जागेवर मिळालं की मगच म्हणायचास, "आता आण तुझी सीडी." मला याचा वैताग यायचा. तू हळू होतास, मनोहर, आणि हळू असल्याचा तुला माज होता. हेही खरं आहे, आणि आज ते लिहिलं नाही तर हा लेख शोकसभेतल्या भाषणासारखाच होईल.

नव्या मशीनचा मुहूर्त मालकांच्या आईनं काढून आणला होता. सकाळीच पूजा. त्या आधी सॉफ्टवेअर बसलेलं हवं आणि आईंच्या हातानं बटण दाबून ते सुरू व्हायला हवं. तू गेटवर गेला होतास. भटजींची स्कूटर वॉचमन आत सोडत नव्हता. मी तुझ्या खुर्चीवर बसलो. सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम अडून बसला होता, मेमरीचा एक आकडा त्याला कमी वाटत होता. मी आकडा वाढवून मशीनला हुकूम दिला. प्रोग्राम पुढे सरकला. तू परत आलास तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "जमलं. तुझी वाट पाहिली असती तर मुहूर्त टळला असता."

तू पहिला प्रश्न विचारलास, "फाइलमध्ये लिहिलं?"

"लिहितो ना."

"अन् बंद करून पाहाचं?"

"मनोहर, बाहेर भटजी बसले आहेत."

मग पूजा झाली. नारळाचं पाणी मशीनवर उडू नये म्हणून तू कपाटावर प्लॅस्टिक धरून उभा राहिलास. भटजी तुझ्यावर चिडले, "यजमान, हे छत्र कायले धरलं?" सगळे हसले. कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. आईंनी बटण दाबलं. मालकांनी हात जोडले आणि म्हणाले, "आता ही बंद पडता कामा नये. आईच्या हातची आहे."

एवढंच वाक्य. पण आपल्याकडे अशा वाक्याचा नियम व्हायला वेळ लागत नाही. ती मशीन कारखान्याची अखंड ज्योत झाली. कोणी पाहुणा आला की मालक त्याला आपल्या खोलीत आणायचे. मी एक शब्द टाइप करायचो आणि ती न थांबता किती दिवस चालू आहे ते पडद्यावर उमटायचं. पाहुणा वाहवा करायचा. दिवस वाढत गेले, तसा माझा भावही वाढत गेला. मी स्वतःही कधी कधी, खोलीत कोणी नसताना, तो शब्द टाइप करून पाहायचो.

तू मात्र दुसऱ्याच दिवशी फाइल उघडून वाचलीस. मशीन सुरू झाल्यापासून लिहायचा हक्क माझ्या एकट्याकडे आला होता, वाचायचा तुलाही होता. त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी बसत म्हणालास, "त्यात आकडा जुनाच आहे गा."

"लिहितो."

आठवड्यानं परत. "प्रभाकर, एकदा बंद करून पाहू. रविवारी पाहू. कोणाले सांगाचं नाही."

"आणि उठली नाही तर? मालकाच्या आईला तू सांगशील?"

"म्हणूनच तर म्हणून राहिलो. उठत नसन तर आज मालूम पडू दे ना."

मागच्या सीटवरचे फिटर लोक आपलं भांडण ऐकायला कान देऊन बसायचे. एक जण तर विचारायचा, "भाऊ, तुमच्या अखंड ज्योतीले तेल घातलं का आज?" सगळी बस हसायची. मग मला आणखीच राग यायचा. एका ओळीचं काम होतं, मनोहर. फाइल उघडायची, आकडा लिहायचा, बंद करायची. पण तू इतक्यांदा सांगितलं होतंस, की आता लिहिलं असतं तर ते तुझ्या सांगण्यावरून लिहिल्यासारखं झालं असतं. म्हणून राहिलं. आणि राहता राहता मी ते खरोखरच विसरलो.

उन्हाळ्यात ती पडली. दुपारी वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हानं आधीच खलास झालेल्या, आणि आईंच्या हातची ज्योत चुटकीसरशी विझली. वीज आली, मशीन उठली, डेटाबेस उठेना. पडद्यावर मेमरी मिळत नसल्याचं काही तरी येत होतं. मला अर्थ लागेना. तू त्या दिवशी उमरेडला होतास, तुझ्या भाचीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला. खोलीत मालक येऊन उभे राहिले. बाहेर तपासणी विभागाची माणसं. मालक म्हणाले, "मनोहरले फोन लावा."

मी मोबाइल घेऊन वऱ्हांड्यात गेलो. तुझं नाव काढलं. नावावर बोट ठेवून उभा राहिलो. समोर आवारात रिकाम्या बाटल्यांच्या क्रेट उन्हात तापत होत्या. मला ठाऊक होतं, फोन लागला की तू आधी हसशील. मग म्हणशील, बंद करून पाहू म्हटलं होतं ना मी. आणि मालकांसमोर मला ते ऐकावं लागेल. मी फोन लावला नाही. मोबाइल खिशात घातला, आत गेलो आणि म्हणालो, "लागत नाही."

मग मी स्वतःच निदान केलं, की वीज गेल्यामुळे डेटाबेसच्या फाइली खराब झाल्या असणार. शेवटचा पूर्ण बॅकअप मागच्या आठवड्यातला होता. तो काढला आणि आहे त्या फाइलींवर घातला. आधी त्या फाइली बाजूला काढून ठेवायच्या, हे कालचं पोरगंही शिकतं. मला तेवढा धीर नव्हता. बॅकअप घालूनही डेटाबेस उठला नाहीच. शेवटी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्रातल्या कुठल्याशा मुलीनं फोनवर विचारलं, "सर, मशीन रीस्टार्ट झाल्यावर मेमरीची मर्यादा तपासली का?" मी आकडा पाहिला. जुना होता. नवा दिला आणि डेटाबेस एका दमात सुरू झाला, मागच्या आठवड्याच्या नोंदी घेऊन. नंतरच्या सगळ्या नोंदी मीच पुसल्या होत्या. त्या शाबूत होत्या, मनोहर. तुला एक फोन केला असता तर तू लग्नघरातून, तोंडात पेढा असताना, दोन वाक्यांत सांगितलं असतंस.

तपासणीच्या नोंदीशिवाय औषध बाहेर जाऊ शकत नव्हतं. त्या आठवड्याच्या सगळ्या बाटल्या नष्ट करायचं ठरलं.

चौकशीत मालकांनी मला दोन प्रश्न विचारले. मशीनची तयारी कोणाकडे होती? मी म्हणालो, मनोहरकडे. हे वाक्य खरं होतं. त्याला का बोलावलं नाही? मी म्हणालो, पुष्कळदा फोन केला, लागला नाही. खऱ्या वाक्याच्या आडोशाला खोटं उभं राहिलं आणि कोणाला दिसलं नाही. तू तिथेच बसला होतास. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलशील, फाइलचं सांगशील, बसमधल्या साक्षीदारांना बोलावशील. तू फक्त विचारलंस, "किती वाजता केला होता?" मी काही तरी वेळ सांगितली. तू मान हलवलीस. त्यानंतर तुझी बदली गेटवरच्या वजनकाट्यावर झाली आणि त्या काट्यावर तुला पहिल्यांदा काय तोलावं लागलं, तर त्या बाटल्या घेऊन गाडायला निघालेले ट्रक.

मी वरच्या खिडकीतून पाहत होतो. तू प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरला नेहमीसारखा "थोडा आगे, बस" म्हणत होतास.

रिटायर होईपर्यंत तू तिथेच होतास. त्या काट्याला एक लहानसा कॉम्प्युटर होता. तू तो रोज संध्याकाळी बंद करायचास आणि सकाळी चालू करायचास. मी एकदा सहज विचारलं, कशाला रोजचा हा कुटाणा? तू म्हणालास, "हिले रोज विसरू देतो. मंग सकाळी मालूम पडते, काय उरलं ते." मी तुझ्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही. बसमध्ये तू अजूनही माझ्याच शेजारी बसायचास. काटोलच्या संत्र्यांवरून भांडायचास, क्रिकेटवरून भांडायचास. 'बंद करून पाहू' हे शब्द मात्र तुझ्या तोंडून पुन्हा कधी आले नाहीत. मी त्यालाच क्षमा समजलो. माझी बायको सुमन गेली तेव्हा तू पंधरवडाभर माझ्या घरी झोपायला येत होतास. तुला घोरण्याची सवय होती आणि त्या रिकाम्या घरात ते घोरणं ऐकत मला झोप लागायची. तेवढं एक देणं तुझं असं आहे, की ज्याच्यापुढे मला मान वर करता येत नाही. त्या दिवसांतही मी सांगू शकलो असतो. दिवा मालवला की दोघंही छताकडे पाहत पडायचो. सांगितलं नाही.

दवाखान्यातही नाही. तुझ्या उशाशी पडद्यावर हिरव्या रेषा धावत होत्या. मी तोंड उघडलं, "मनोहर, त्या दिवशी..." आणि तू मान वळवून त्या यंत्राकडे पाहत पुटपुटलास, "ही कधी बंद करून पाह्यली असन का गा यायनं?" मला हसू फुटलं. तूही हसलास, खोकलास, नर्स आली, मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी तू ते शब्द उच्चारलेस आणि मी हसलो. तू मला वाट करून देत होतास की अडवत होतास, हे मला आता कोण सांगणार?

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. वहिनींनी चहा ठेवला. तुझा चष्मा अजून टीव्हीवर होता. काही वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग त्या एकदम म्हणाल्या, "एक विचारू का भाऊजी? त्या दिवशी तुम्ही किती डाव लावला होता फोन ह्यायले?"

मी कप खाली ठेवला. "कोणत्या दिवशी?"

"उमरेडले होतो आम्ही. साक्षगंधात." त्यांनी गळ्यातली पिशवी मुठीत धरली. "हे सारखे फोन काढून पाहत होते. मशीन एकटी आहे म्हणे. मले राग आला. मी म्हटलं, पाहुणे काय म्हणतीन? हिसकून घेतला अन् माह्या पर्समध्ये टाकला. बँड वाजून राहिला होता. मले काही ऐकूच आलं नाही. तुम्ही तिकडं फोन करून राहिले असान, अन् तो माह्या मांडीवर वाजत असन. ह्यायची मशीनवरची नोकरी माह्यापायी गेली, भाऊजी. काट्यावर बसले जन्मभर."

त्या पिशवीवरून मी त्यांची कितीदा थट्टा केली होती. 'वहिनी, ताईत बांधला काय?' दरवेळी त्या हसायच्या. आंघोळीला गेल्या तरी ती पिशवी न्हाणीच्या खुंटीवर असायची, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि आपण दोघं हसलो होतो. आता वाटतं, हसलो तो मी एकटा.

त्या वाट पाहत होत्या. किती डाव?

मी म्हणालो, "दोन-तीनदा."

हो, मनोहर. तुझी राख अजून थंड झाली नव्हती आणि मी पुन्हा तेच केलं. वहिनींनी मान डोलावली आणि पदर डोळ्यांना लावला. मी चहा संपवला. तोही संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो आणि दारातच सांगितलं. बसलो नाही. बसलो असतो तर जमलं नसतं. फाइल, आकडा, वऱ्हांडा, नावावर ठेवलेलं बोट, सगळं. वहिनी, तुमच्या पर्समध्ये फोन वाजलाच नाही. मी लावलाच नव्हता.

मला वाटलं होतं, त्या रडतील, किंवा मला हाकलतील. त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "हे तर ह्यायनं सांगतलं होतं मले."

"काय?"

"फोन आलाच नाही म्हणून. तुमची ती चौकशी झाली त्या संध्याकाळी. मोबाइल उघडून दाखवला होता मले. पाह्य म्हणे, यात प्रभाकरचं नाव कुठं आहे? हलवायाचं आहे, तुह्या भावाचं आहे, प्रभाकरचं नाही. तुह्यी काही चूक नाही म्हणे." त्या भिंतीला टेकल्या. "मी म्हटलं, मले बरं वाटावं म्हणून सांगता. प्रभाकरभाऊजी कायले खोटं बोलतीन? एवढा मोठा माणूस. फोनच बिघडला असन. पुन्हा एकदा म्हणाले ते. मी कानावर हात ठेवले. मंग त्यायनं म्हणणंच सोडून देल्लं."

वहिनी पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या.

"मी माह्या नवऱ्याले खोटं पाडलं भाऊजी. तुमच्या शब्दावर."

तर तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हातात पुरावा होता, आणि ज्या एका माणसानं तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता त्या माणसापुढेही माझा शब्द तुझ्यापेक्षा वजनदार ठरला. त्यानंतर तू माझ्या शेजारी बसून कळमेश्वरला येत राहिलास. माझ्या घरी येऊन घोरलास. मी ज्याला क्षमा समजत होतो ती कदाचित नुसती थकावट होती. घरच्यांनीच ऐकलं नाही, तर बाहेर कोण ऐकणार, असं तू ठरवून टाकलं असशील. की तू रोज सकाळी ती शेजारची जागा एवढ्यासाठीच घेत होतास, की आज तरी हा बोलेल? मी हा प्रश्न आता दिवसातून कितीदा विचारतो. विचारून काय होणार आहे? तो कारखाना बंद पडला. मालक गेले, आई त्यांच्याही आधी गेल्या. ती मशीन भंगारात गेली, कुंकवासकट. तुझी बदली रद्द करणारं कोणी उरलेलं नाही आणि त्या बसमधले जे तीन-चार जण हे वाचतील ते म्हणतील, बुढ्याचं डोकं फिरलं. मशीनवर हुकूम चुकला तर दुसरा देता येतो. पुसलेल्या फाइली मात्र मी तेव्हाही परत आणू शकलो नव्हतो.

मी वहिनींना म्हणालो, चूक माझी आहे, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. किती स्वस्त वाक्य. त्यांनी ते ऐकल्यासारखंही केलं नाही.

"सभेत तुम्ही बोलले तेव्हा सगळ्यायनं ऐकलं," त्या म्हणाल्या. "अन् हे मले एकटीले सांगता? दारात उभं राहून?"

म्हणून हे लिहिलं. कॉलनीच्या अंकात छापायला देतो आहे, माझ्या नावानिशी. यानं तुझं काही सुधारत नाही हे मला कळतं. तुझ्या पद्धतीनं आधी लिहायला हवं होतं आणि मग बंद व्हायला हवं होतं. इथे उलटं झालं.

त्या सकाळी वहिनींच्या दारातून मी जायला वळलो, तेवढ्यात त्यांच्या गळ्यातला फोन वाजला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्यांचा हात पिशवीत गेला होता. त्यांना सगळं कळून चुकलं होतं, तरी हात गेलाच. तुझी उमरेडची बहीण असावी. "हो, उचलला ना," त्या म्हणाल्या. "हो, जेवली. हो, झोपते." मग तिकडून काही तरी विचारलं गेलं. कोण आलं आहे, असं असावं. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.